तीच गाडी, तोच लीज, मग तुला स्वस्त आणि मला महाग कशी?

इथे युकेत हल्ली चार मराठी घरं एकत्र जमली की घरांचे भाव, मुलांच्या शाळा आणि आयएलआर (इथे कायमचं राहायचा परवाना) यांच्या जोडीला आणखी एक विषय हमखास निघतो, सॅलरी सॅक्रिफाइसवर घेतलेली इलेक्ट्रिक गाडी. कुणीतरी नवीकोरी टेस्ला नाहीतर किया घेऊन आलेलं असतं, "महिन्याला किती पडते रे?" असं कुणीतरी विचारतं, तो आकडा सांगतो आणि दुसरा म्हणतो, अरे मला तर हीच गाडी शंभर पाउंडांनी महाग सांगितली! मग त्याला वाटतं की आपल्या कंपनीने आपल्याला बनवलं. खरं तर कुणी कुणाला बनवलेलं नसतं. मी इथे पेरोलमध्ये काम करते, रोज लोकांच्या पेस्लिपा डोळ्याखालून जातात, आणि हा प्रश्न मला ऑफिसात, मंडळाच्या कार्यक्रमात, अगदी लग्नाच्या पंगतीतही विचारला गेलाय, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

योजना अशी आहे की गाडी तुमची कंपनी लीजवर घेते, आणि तुमचा करारातला ग्रॉस पगारच तेवढ्याने कमी होतो, म्हणजे लीजचे पैसे इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (एनआय) कापायच्या आधीच जातात. त्यात बहुतेक ठिकाणी इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर, ब्रेकडाउन असं सगळं आलं, डिपॉझिट नाही, आणि दोन-तीन-चार वर्षांनी गाडी परत द्यायची. त्या बदल्यात तुम्हाला कंपनीकडून गाडी मिळाली म्हणून त्यावर बेनिफिट इन काइंडचा टॅक्स लागतो, आम्ही त्याला नुसतं बीआयके म्हणतो. गाडीच्या छापील किमतीचे काही टक्के धरायचे आणि ती रक्कम जणू तुमचं उत्पन्न आहे असं समजून त्यावर टॅक्स लावायचा.

सगळी जादू या टक्क्यात आहे. एप्रिल 2017 मध्ये सरकारने सॅलरी सॅक्रिफाइसवरच्या बहुतेक सवलती बंद केल्या, पण किलोमीटरला 75 ग्रॅम किंवा त्याहून कमी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाड्या त्यातून मुद्दाम वगळल्या. तरी 2019-20 मध्ये इलेक्ट्रिक गाडीवर बीआयके 16 टक्के होता, त्यामुळे फार कुणी फिरकत नव्हतं. एप्रिल 2020 मध्ये तो एकदम शून्य केला, पुढच्या वर्षी 1 टक्का, मग तीन वर्षं 2 टक्के, आणि तिथून खरी झुंबड उडाली. जास्त धूर सोडणाऱ्या पेट्रोल गाडीला हाच टक्का 37 पर्यंत जातो, म्हणजे फरक केवढा आहे बघा. मोठ्या बँकांनाही या धंद्यात दम दिसला, लॉइड्स बँकिंग ग्रुपने 2023 मध्ये टस्कर ही याच कामातली कंपनी विकत घेतली. तिकडे ऑक्टोपससारखी वीज विकणारी कंपनी गाडी, चार्जर आणि रात्रीचा वीजदर असं एकत्रच द्यायला लागली. मागच्या एप्रिलपासून टक्का 3 झाला आणि या आर्थिक वर्षात 4 आहे.

आता तो शंभर पाउंडांचा फरक. गाडी 40 हजार पाउंडांची धरा आणि लीज ग्रॉस पगारातून महिन्याला 500 पाउंड. 4 टक्क्यांनी बीआयकेची रक्कम झाली वर्षाला 1600. ज्याचा पगार वर्षाला 50,270 पाउंडांच्या खाली आहे त्याचा 20 टक्के टॅक्स आणि 8 टक्के एनआय वाचतो, म्हणजे 500 पैकी 140. खिशातून गेले 360, वर बीआयकेचे महिन्याला 27, एकूण 387. ज्याचा पगार त्याच्या वर आहे त्याचा 40 आणि 2 असे 42 टक्के वाचतात, त्याला बीआयके धरून पडते 343. आणि ज्याचा पगार 1 लाख ते 1 लाख 25 हजारांच्या मधे आहे, तिथे पर्सनल अलाउन्स, म्हणजे टॅक्स न लागणारी सुरुवातीची रक्कम, हळूहळू कापला जात असल्यामुळे वरच्या प्रत्येक पाउंडावर खरा भार 62 टक्के असतो, त्याला तीच गाडी साधारण 270 ला. गाडी तीच, रंग तोच, करारावर सही त्याच दिवशीची.

त्यातही पदरात दोन लहान मुलं असतील तर गणित आणखीच वेगळं होतं. आईवडिलांपैकी एकाचंही उत्पन्न 1 लाखाच्या वर गेलं की 30 तासांची मोफत नर्सरी आणि टॅक्स फ्री चाइल्डकेअर दोन्ही जातात. समजा पगार 1 लाख 4 हजार आहे आणि गाडीसाठी वर्षाला 6 हजार सोडले, तर उरले 98 हजार, त्यात बीआयकेचे 1600 परत मिळवायचे (हे मिळवायचं असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं), झाले 99,600. म्हणजे काठावर का होईना पण आत. अशा घराला गाडी जवळजवळ फुकट पडते असं म्हटलं तरी चालेल, लंडनच्या आसपास नर्सरीची फी बघितली तर. रेडिंग, स्लाव, मिल्टन कीन्स या पट्ट्यातल्या आपल्या आयटीवाल्या घरांमध्ये या गाड्या एवढ्या का दिसतात याचं अर्धं उत्तर इथे आहे. पण हे जमवताना बोनस विसरू नका, मार्चमध्ये 500 पाउंडांचा बोनस आला की सगळं गणित ओलांडून पलीकडे.

मला या योजनेबद्दल राग नाहीये हे आधी सांगते. रस्त्यावर इलेक्ट्रिक गाड्या वाढायला हव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि या एका सवलतीने जेवढ्या वाढवल्या तेवढ्या कुठल्याही जाहिरातीने वाढवल्या नसत्या. 2024 मध्ये इथे 3 लाख 81 हजारांवर नव्या इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या, एकूण नव्या गाड्यांच्या 19.6 टक्के, आणि त्यातला मोठा हिस्सा कंपन्यांमार्फत घेतलेला. स्वतःच्या खिशातून शोरूममध्ये जाऊन घेणारे अजून कमीच आहेत. शिवाय सरकारने गाडी बनवणाऱ्यांना लक्ष्य घालून दिलंय, 2024 ला 22 टक्के, यंदा 33 टक्के, 2030 ला 80 टक्के, त्यामुळे त्यांनाही गाड्या खपवायला लीज कंपन्यांसारखं मोठं गिऱ्हाईक लागतं आणि तिथे ते चांगली सूट देतात. ती सूट तुमच्या हप्त्यात दिसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही टॅक्सची योजना आहे, गाडी हे निमित्त, आणि टॅक्सची योजना असल्यामुळे ज्याला जास्त टॅक्स लागतो त्याला ती जास्त देते. ज्याला सगळ्यात कमी पगार आहे त्याला तर ती काहीच देत नाही, कारण पगारातला हिस्सा सोडून तुम्ही किमान वेतनाच्या खाली जाऊच शकत नाही असा कायदा आहे. एप्रिलपासून तो दर तासाला 12.71 पाउंड आहे. होम केअरमध्ये काम करणारी, पहाटे पाचला घरातून निघून चार म्हाताऱ्या माणसांच्या घरी गाडीने फिरणारी मुलगी, जिला पेट्रोलचा खर्च सगळ्यात जास्त टोचतो, तिला पेरोलची सिस्टीम दारातूनच परत पाठवते. मला असे ईमेल स्वतः लिहावे लागलेत आणि ते लिहिताना बरं वाटत नाही.

परवा एका ओळखीच्या मुलीचा फोन आला होता, सांगलीकडची आहे, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बॅंड 5 च्या पगारश्रेणीतली नर्स. "ताई, लीजच्या दराचा कोट आलाय, छोटी गाडी आहे, महिन्याला 330 हातातून जातील म्हणतात, घेऊ का?" मी म्हटलं कोट व्हॉट्सॅपवर टाक. ग्रॉस 430, टॅक्स आणि एनआयची बचत 120, बीआयके 20, हिशोब बरोबर होता. मग तिला विचारलं, पेन्शनचं काय? तर म्हणाली, "पेन्शनचं काय म्हणजे?"

हे एनएचएसवाल्यांनी नीट वाचा. तुमची 2015 ची पेन्शन स्कीम दर वर्षीच्या पेन्शनेबल पगाराचा 54 वा हिस्सा तुमच्या पेन्शनमध्ये जमा करते. गाडीसाठी वर्षाला 5160 पाउंड सोडले की पेन्शनेबल पगार तेवढ्याने कमी, म्हणजे त्या एका वर्षामुळे म्हातारपणी दर वर्षी मिळणारी पेन्शन सुमारे 95 पाउंडांनी कमी. तीन वर्षांचं लीज म्हणजे वर्षाला साधारण 285 पाउंड कमी, आणि ते आयुष्यभर, वरची वाढ वेगळीच. तुमचं पेन्शनचं काँट्रिब्युशनही कमी कापलं जातं हे खरं, पण काही कोटमध्ये ते चक्क बचत म्हणून दाखवलेलं असतं, आणि ती बचत नाहीये, ते तुमच्याच उद्याच्या पैशातून आज काढलेलं आहे. खाजगी कंपन्यांत पुष्कळ ठिकाणी पेन्शन जुन्या, न कापलेल्या पगारावरच धरतात, त्याला रेफरन्स सॅलरी म्हणतात, पण ते तुमच्या कंपनीत आहे का हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मग ती थोडं थांबून म्हणाली, "आणि ताई, पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे." तर हाही मुद्दा आहे. स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे, म्हणजे बाळंतपणाच्या रजेत कायद्याने मिळणारा पगार, काढताना कमी झालेला पगार धरतात, पहिल्या सहा आठवड्यांचे 90 टक्के हे त्या कमी पगाराचे 90 टक्के. रजेवर असताना त्या स्टॅच्युटरी पैशातून कंपनी गाडीचे पैसे कापू शकत नाही आणि गाडीही काढून घेऊ शकत नाही, हा कायदा तुमच्या बाजूने आहे, पण सुरुवातीचा आकडा कमी होतो तो होतोच. तिला मी घेऊ नको असं सांगितलं नाही. रात्रपाळी संपवून दोन बसेस बदलत घरी जाते ती, तिला गाडी हवीच आहे. फक्त तिच्या ट्रस्टला तीन प्रश्न लेखी विचारायला सांगितले: पेन्शन कशावर धरणार, मॅटर्निटीत काय, आणि नोकरी सोडली तर काय.

तिसरा प्रश्न तर आपल्या लोकांनी सगळ्यात आधी विचारायचा. लीज मधेच मोडलं तर त्याचा दंड असतो, अर्ली टर्मिनेशन चार्ज, आणि तो हजारोंत जाऊ शकतो. चांगल्या योजनांमध्ये याला कव्हर असतं, म्हणजे सुरुवातीचे तीन किंवा सहा महिने झाले की राजीनामा दिला, रिडंडन्सी झाली म्हणजे कंपनीनेच जागा कमी केली, लांब आजारपण आलं तर दंड माफ. पण सगळ्याच योजनांमध्ये नसतं, आणि काहींमध्ये रिडंडन्सीला आहे पण स्वतःहून नोकरी सोडली तर नाही. एकीला वर्षाच्या आत दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली, आणि शेवटच्या पगारातून कापलेली रक्कम बघून ती माझ्यासमोर रडली होती. व्हिसावर असणाऱ्याला तर नोकरी कधी बदलावी लागेल हे त्याच्या हातातही नसतं. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर स्पॉन्सरशिपमध्ये दाखवलेल्या पगारावर या कपातीचा काय परिणाम होतो हेही एचआरकडून लेखीच घ्या, चहाच्या टेबलावरच्या "काही होत नाही रे" वर सही करू नका.

आणखी एक गोष्ट जी कोटच्या पहिल्या पानावर सहसा ठळक नसते. बीआयके दर वर्षी वाढणार आहे आणि ते सरकारने आधीच जाहीर केलंय: पुढच्या वर्षी 5 टक्के, 2028-29 ला 7, 2029-30 ला 9. आज चार वर्षांचं लीज केलं तर त्या 40 हजारांच्या गाडीवर 40 टक्केवाल्याचा बीआयके पहिल्या वर्षी महिन्याला 53 पाउंड, मग 67, मग 93, आणि शेवटच्या वर्षी 120. ग्रॉस हप्ता तोच राहतो पण हातात येणारा पगार मात्र दर एप्रिलला थोडा घसरतो. बरं, पुष्कळ ठिकाणी हा टॅक्स पेस्लिपवर गाडीच्या नावाने दिसतच नाही, तो टॅक्स कोडमधून जातो. 1257एल असलेला कोड 1097एल होतो, म्हणजे टॅक्स न लागणारी रक्कम 1600 ने कमी होते, आणि मग मे महिन्यात मला फोन, "अहो, पगार कमी आलाय, तुमच्याकडून काहीतरी चुकलंय." आमच्याकडून चुकलेलं नसतं, एचएमआरसीचं, म्हणजे टॅक्स खात्याचं, पत्र आलेलं असतं आणि ते कुणी उघडलेलं नसतं.

कंपन्यांना यातून काय मिळतं? तुमचा पगार कमी झाला की त्यांचाही एनआय वाचतो, आणि तो दर एप्रिल 2025 पासून 13.8 वरून 15 टक्के झाल्यामुळे त्यांचा रस वाढलाय. वरच्या उदाहरणात महिन्याला 75 वाचतात, बीआयकेवर त्यांना 20 भरावे लागतात, म्हणजे 55 उरतात. काही कंपन्या त्यातून राजीनाम्याचं कव्हर काढतात किंवा हप्ता कमी करतात, काही ठेवून घेतात. हे विचारायला लाजू नका, हा तुमच्या पगारातून निघालेला पैसा आहे.

बाजारात बदल काय दिसतोय म्हणाल तर सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक अर्ज टेस्ला मॉडेल 3 नाहीतर वायचा असायचा, आता रेनो 5, किया ईव्ही3, स्कोडा एलरॉक, एमजी, बीवायडी असं बरंच काही येतं आणि सरासरी गाडी लहान होत चाललीय. मधे व्याजदर वाढले तेव्हा, म्हणजे डिसेंबर 2021 पर्यंत 0.1 टक्के असलेला बँक ऑफ इंग्लंडचा दर ऑगस्ट 2023 मध्ये 5.25 झाला तेव्हा, लीजचे हप्ते चांगलेच वाढले होते, आणि त्याच वर्षी जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव कोसळले. तो फटका लीज कंपन्यांना बसला पण त्यातूनच एक चांगली गोष्ट निघाली, परत आलेल्या दोन-तीन वर्षांच्या गाड्या आता पुन्हा सॅलरी सॅक्रिफाइसवरच द्यायला लागलेत. हप्ता कमी, पण लक्षात ठेवा बीआयके मात्र गाडी नवी असतानाच्या छापील किमतीवरच लागतो. तरी कमी पगारवाल्यांसाठी हाच रस्ता मला सगळ्यात बरा वाटतो, किमान वेतनाची भिंत त्यामुळे थोडी लांब जाते.

चार्जिंगचं मात्र कुणी मनावर घेत नाही. घराला ड्राइव्हवे असेल तर रात्रीच्या दरात युनिट 7-8 पेन्सला पडतं, नसेल तर रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला त्याच्या कितीतरी पट, वर घरच्या विजेला व्हॅट 5 टक्के आणि बाहेरच्या चार्जरला 20 टक्के. फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारा पुन्हा एकदा मागे. आणि एप्रिल 2028 पासून इलेक्ट्रिक गाडीला मैलामागे 3 पेन्स टॅक्स लागणार असं नोव्हेंबर 2025 च्या बजेटमध्ये सांगितलंय, वर्षाला 8000 मैल फिरलात तर 240 पाउंड, आजच लीज करणाऱ्यांनी तो आत्ताच धरून चालावं. त्याच बजेटमध्ये सॅलरी सॅक्रिफाइसवर 2000 पाउंडांची मर्यादा आली अशी फॉरवर्ड्स फिरली होती, ती पेन्शनसाठी आहे, एप्रिल 2029 पासून आणि फक्त एनआयपुरती. गाड्यांना हात लावलेला नाही.

माझा भाऊ पुण्यात हिंजवडीत आहे, त्याच्याही कंपनीत कार लीज पॉलिसी आहे आणि तो विचारत होता की तुमच्यासारखंच का? मूळ कल्पना तीच, पण भारतात गाडीच्या पर्क्विझिटचा, म्हणजे टॅक्ससाठी धरायच्या या सोयीचा, आकडा कित्येक वर्षं इंजिनाच्या आकारावर ठरायचा, 1.6 लिटरपर्यंत महिन्याला 1800 रुपये आणि त्याच्या वर 2400, गाडीची किंमत काहीही असो. ईव्हीला इंजिनच नाही, त्यामुळे कुठला आकडा लावायचा यावर अकाउंटवाल्यांचे वाद व्हायचे. इथल्यासारखा इलेक्ट्रिकला वेगळा आणि मुद्दाम कमी टक्का असा विचार त्या नियमांत नव्हता.

फ्रान्समध्ये जे केलं ते मला फार आवडलं. जानेवारी 2024 मध्ये त्यांनी महिन्याला साधारण 100 युरोत इलेक्ट्रिक गाडी लीजवर द्यायची योजना काढली, आणि ती फक्त कमी उत्पन्नवाल्यांसाठी, ज्यांचं कामाचं ठिकाण घरापासून 15 किलोमीटरपेक्षा लांब आहे किंवा ज्यांना कामासाठी खूप गाडी चालवावी लागते अशांसाठी. काही आठवड्यांत 50 हजार अर्ज मंजूर झाले आणि त्या वर्षीची योजना बंद करावी लागली, मग सप्टेंबर 2025 च्या शेवटी पुन्हा सुरू केली. म्हणजे कमी पगारवाल्यांना इलेक्ट्रिक गाडी नकोय असं अजिबात नाही. इथल्या सरकारकडे पैसा नाही असंही नाही, तो आज 62 टक्केवाल्याच्या हप्त्यात जातोय, त्यातला थोडा त्या पहाटे पाचला निघणाऱ्या मुलीकडे वळवला पाहिजे. आमच्या भागाच्या खासदारांना मी हे सगळे आकडे घालून पत्र लिहिलंय. ते इंग्रजी पत्र कुणाला आपल्या खासदाराला पाठवायला हवं असेल तर सांगा, मी देते, फक्त त्यात तुमच्या पगाराचा नाही तर तुमच्या ओळखीतल्या एखाद्या केअररच्या पगाराचा हिशोब घाला.